बिल्ला एकाचा, कारखाना दुसऱ्याचा

जुन्या कीबोर्डच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक चौकोनी खळगा असतो. प्लॅस्टिकचे कवच ओततानाच तो ठेवलेला असे. संगणक विकणारी कंपनी त्यात आपल्या नावाचा बिल्ला चिकटवी. पुढची ऑर्डर दुसऱ्या कंपनीची असली की तोच साचा, तेच स्विच, तीच वायर वापरली जाई; बदले तो फक्त बिल्ला. काही वेळा बिल्ला लावायचाही राहून जाई. असे बिननावाचे कीबोर्ड आजही भंगारात सापडतात आणि वजनावर विकले जातात. त्यांतला एखादा खरे तर नामांकित कंपनीच्या कीबोर्डच्या तोडीचा असतो.

सुरुवातीला अशी सरमिसळ नव्हती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याबरोबर आलेला ८३ बटणांचा ‘मॉडेल एफ’ आयबीएमचाच होता. बटण दाबले की आतली स्प्रिंग एका बाजूला मुडपते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. या रचनेचे पेटंट आयबीएमच्या रिचर्ड हॅरिस यांच्या नावावर १९७८मध्ये झाले होते. १९८५मध्ये त्याच तत्त्वावरचा, पण आत पातळ पडद्याचे सर्किट असलेला ‘मॉडेल एम’ आला. तो बनवायला स्वस्त पडे. नाव आयबीएमचे, आराखडा आयबीएमचा आणि कारखानाही आयबीएमचा असल्यामुळे हा कीबोर्ड कोणाचा, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते.

प्रश्न निर्माण केला तो आयबीएमची नक्कल करणाऱ्या ‘क्लोन’ संगणकांनी. १९८२च्या अखेरीस कॉम्पॅकने आयबीएमशी जुळणारा संगणक जाहीर केला. पुढे जुळणारा बायोस (संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली) विकत मिळू लागला आणि सुटे भाग जोडून संगणक विकणाऱ्या कंपन्यांची रीघ लागली. यांतल्या बहुतेकांकडे कीबोर्डचा कारखाना नव्हता आणि तो उभारण्याइतके भांडवलही नव्हते. मग अमेरिकेतल्या स्पोकेनची की ट्रॉनिक, अमेरिकेत जन्मून जर्मनीत स्थिरावलेली चेरी, जपानची आल्प्स, मिनेबिया समूहाची एनएमबी, तैवानच्या चिकोनी, फोकस, बीटीसी आणि मॉन्टेरी यांच्याकडून माल घ्यायचा आणि वर आपले नाव लावायचे, असा धंदा रूढ झाला. कारखाना हे कीबोर्डचे माहेर आणि बिल्ल्यावरचे नाव हे सासर. संग्राहकांची सारी धडपड असते ती हे माहेर शोधण्याची.

या शोधात सर्वात मोठी मदत झाली ती एका सरकारी नियमाची. घरोघरी आलेल्या संगणकांमुळे रेडिओ आणि टीव्हीच्या लहरींत व्यत्यय येऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९७९मध्ये संगणकीय उपकरणांसाठी नियम केले. चाचणीत उत्तीर्ण झालेल्या उपकरणाला एक ओळखक्रमांक मिळे आणि तो पाठीमागच्या लेबलवर छापावा लागे. त्या क्रमांकातली पहिली तीन अक्षरे अर्जदाराची असतात. कीबोर्डच्या बाबतीत हा अर्जदार बहुतेक वेळा विक्रेता नसून खुद्द कारखानदार असे. त्यामुळे पुढच्या बिल्ल्यावर कोणाचेही नाव असो, पाठीमागे ‘ई-८-एच’ दिसले की कीबोर्ड चिकोनीचा, ‘ए-क्यू-६’ म्हणजे एनएमबीचा, ‘सी-आय-जी’ म्हणजे की ट्रॉनिकचा आणि ‘डी-७-जे’ म्हणजे मॅक्सी स्विच या कंपनीचा. एफसीसीची नोंदवही सर्वांना खुली आहे. लहरींचा गोंधळ आवरण्यासाठी केलेली ही नोंद चाळीस वर्षांनी कीबोर्डच्या वंशावळीचा सर्वात भरवशाचा पुरावा ठरली आहे.

पण या क्रमांकावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांची फसगत होते. क्रमांक मिळतो तो इलेक्ट्रॉनिक भागाला. बटणाखाली कोणता स्विच बसवला आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. चिकोनी किंवा फोकसच्या एकाच मॉडेलमध्ये त्या महिन्यात जो स्विच स्वस्त मिळाला तो बसवला जाई. फोकसच्या ‘एफके २००१’मध्ये कधी अस्सल पांढरे आल्प्स निघतात, कधी त्यांची नक्कल. १९९६मध्ये एफसीसीने उत्पादकांनी स्वतःच ग्वाही द्यायची सोय केली आणि त्यानंतरच्या अनेक कीबोर्डांवरून तो क्रमांकच गायब झाला. म्हणून लेबल वाचून झाल्यावर बटण काढावेच लागते.

बटण काढण्यासाठी तारेचा पुलर वापरावा. स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर कवचाला खाच पडते आणि त्या खाचेपायी किंमत उतरते. बटण निघाले की खाली अधिकच्या चिन्हासारखा फुलीचा खांब दिसला तर बहुधा चेरीचा ‘एमएक्स’. ‘बहुधा’ एवढ्याचसाठी की जपानच्या एसएमकेसारख्या इतरांनीही फुलीचे खांब वापरले आहेत. आडवी आयताकृती खाच दिसली तर आल्प्स किंवा आल्प्सची नक्कल, आणि नळीत स्प्रिंग दिसली तर आयबीएमचे घराणे. आयताकृती खाच सापडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. अस्सल आल्प्सच्या वरच्या कवचावर कंपनीचे नाव उठावदार अक्षरांत कोरलेले असते आणि ते वाचायला तिरपा उजेड लागतो. बटणाबरोबर खाली-वर सरकणाऱ्या स्लायडरच्या रंगावरून जात ठरते: निळा आणि पांढरा कट्कट् वाजणारे, काळा आणि नारिंगी अडथळा जाणवणारे पण न वाजणारे, पिवळा आणि हिरवा सरळ खाली जाणारे.

निळ्या रंगाने अनेकांना गंडवले आहे. आल्प्सचा निळा वेगळा, मॉन्टेरीचा निळा वेगळा आणि चेरीचा निळा आणखी वेगळा. मॉन्टेरीचा निळा दिसायला आल्प्सच्या जवळचा आहे, त्यावर आल्प्सची बटणेही बसतात, पण आतली यंत्रणा एसएमकेच्या वळणाची आहे. आल्प्सच्या निळ्याची जागा १९८०चे दशक सरता सरता पांढऱ्याने घेतली, त्यामुळे निळे थोडे उरले आणि त्यांचे मोल चढले. लीडिंग एज या कंपनीच्या संगणकाबरोबर आलेला ‘डीसी-२०१४’ हा त्याच निळ्यांमुळे संग्राहकांचा लाडका आहे. लीडिंग एजचा गाजलेला ‘मॉडेल डी’ संगणक कोरियाच्या देवूने बनवलेला होता. म्हणजे नाव अमेरिकी, संगणक कोरियन आणि बोटांखालचा स्विच जपानी.

एकाच अंगाचे दोन कीबोर्ड शेजारी ठेवले तर किमतीचा हिशेब आणखी स्पष्ट होतो. डेलचा ‘एटी १०१’ हजारो कार्यालयांत गेला. रुंद, जड, मागे उंच होत जाणारा, आत आल्प्सचे काळे स्विच. १९९५मध्ये विंडोज ९५ आले आणि विंडोजच्या बटणांची भर पडून तो ‘एटी १०१ डब्ल्यू’ झाला. सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनसोबत येणारा ठिपकेदार राखाडी कीबोर्ड याच धाटणीच्या कवचाचा आहे, पण त्यात आल्प्सचे फिकट साय-रंगाचे स्विच आहेत. त्यांच्या स्लायडरला रबराचे छोटे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे बटण खाली आदळताना आणि वर येताना आवाज मऊ होतो. ॲपलने १९९०च्या ‘एक्स्टेंडेड कीबोर्ड २’मध्ये हाच प्रकार वापरला. डेलचा आजही तुलनेने स्वस्त मिळतो, सिलिकॉन ग्राफिक्सचा महाग. ॲपलच्या त्याच मॉडेलमध्ये पुढे काही वेळा मित्सुमीचे स्विच बसवले गेले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि भाव मात्र आल्प्सवाल्याला जास्त मिळतो.

आयबीएमच्या बाबतीत उलटा खेळ झाला. तिथे कारखाना तसाच राहिला आणि नावे बदलत गेली. १९९१मध्ये आयबीएमने केंटकीमधल्या लेक्सिंग्टनचा आपला विभाग वेगळा काढला, त्यातून लेक्समार्क झाली. ‘मॉडेल एम’ बनत राहिला, कधी आयबीएमच्या बिल्ल्याने, कधी इतरांच्या. १९९६मध्ये लेक्समार्कने कीबोर्डचा व्यवसाय सोडला आणि तिथल्याच माणसांनी यंत्रे व साचे घेऊन युनिकॉम्प उभी केली. ती आजही लेक्सिंग्टनच्याच मातीत मुडपणाऱ्या स्प्रिंगचे कीबोर्ड बनवते. स्कॉटलंडच्या ग्रीनॉकमध्येही ‘मॉडेल एम’ बनत होते. १३९१४०६ हा भागक्रमांक ब्रिटिश मांडणीचा. पाठीवरच्या लेबलवर भागक्रमांक आणि उत्पादनाची तारीख स्वच्छ छापलेली असते. चंदेरी बिल्ल्याचा सुरुवातीचा १३९०१३१ दुर्मीळ, १३९१४०१ सर्वत्र सापडणारा, आणि पाणी सांडल्यास वाहून जावे म्हणून तळाला भोके ठेवलेला ५२जी९६५८ नंतरचा. स्वतः टाइप करण्यासाठी घेणाऱ्याने या शेवटच्याला कमी लेखू नये. संग्रहात त्याला मान कमी असला, तरी रोजच्या कामाला तो तितकाच खणखणीत आहे.

वजन आणि नाव या दोन्ही गोष्टी दिशाभूल करतात. लेक्समार्कच्या काळात ‘क्वाएट टच’ नावाचा प्रकार निघाला. बाहेरून थेट ‘मॉडेल एम’, आत स्प्रिंगऐवजी रबर. गेटवे २००० या कंपनीचा ‘एनीकी’ मॅक्सी स्विचने बनवला. बटणे हवी तशी नेमून देण्याची सोय, दणकट बांधणी, पण तोही रबर डोमच. संगणकाच्या इतिहासात या दोघांना जागा आहे. मेकॅनिकल म्हणून जादा पैसे मागणाऱ्या विक्रेत्याला मात्र नकार द्यावा.

भारतात आणखी एक गोंधळ संभवतो. झेनिथ डेटा सिस्टिम्स ही अमेरिकी कंपनी. तिचा पिवळ्या किंवा हिरव्या आल्प्सचा ‘झेडकेबी-२’ नावाजलेला. मुंबईची झेनिथ कॉम्प्युटर्स ही पूर्ण वेगळी कंपनी. दोघींच्या बिल्ल्यावर नाव एकच, म्हणून एकीच्या किमतीवरून दुसरीची किंमत ठरवता येत नाही. आपल्याकडच्या टायपिस्टांना आणि डीटीपीवाल्यांना मेकॅनिकल कीबोर्ड म्हटले की पहिला आठवतो तो टीव्हीएसचा ‘गोल्ड’. त्याच्या बटणाखाली जर्मन वळणाचे चेरीचे निळे स्विच असतात. पाश्चात्त्य जगात असे कीबोर्ड शौकाची वस्तू बनले, त्या वर्षांतही बँकांच्या काउंटरवर आणि छपाईच्या दुकानांत ‘गोल्ड’ मुकाट्याने राबत होता. त्याच्या जुन्या नगांना अजून संग्राहकाचे मोल आलेले नाही, आणि ते यायला हवे.

माहेर सापडले, स्विच ओळखला, की मग उरते तब्येत. आल्प्सचा सर्वात मोठा शत्रू धूळ. वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेल्या कीबोर्डचे बटण दाबताना वाळूवर घासल्यासारखे लागते आणि धुऊनही मूळचा गुळगुळीतपणा पुरता परत येत नाही. त्यामुळे पिवळट पण डब्यात झाकून ठेवलेला नग, घासून पांढऱ्या केलेल्या धुळकट नगापेक्षा अधिक मोलाचा. ‘मॉडेल एम’मध्ये थरांना धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे रिव्हेट तुटतात, उलटा करून हलवला की आत तुकडे खुळखुळतात. त्यांच्या जागी बारीक नट-बोल्ट बसवता येतात, पण कवच उघडण्यासाठी साडेपाच मिलिमीटरचा पातळ भिंतीचा पाना लागतो. की ट्रॉनिकच्या जुन्या कीबोर्डांत प्रत्येक बटणाखाली फोमची गादी असते, ती काळाने भुगा होते. ‘मॉडेल एफ’मधला फोमही तसाच.

बटणांची अक्षरे बोटाला लागतात का, हेही पाहावे. दोन रंगांचे प्लॅस्टिक ओतून केलेली किंवा रंग प्लॅस्टिकात मुरवलेली अक्षरे झिजत नाहीत. वरून छापलेली झिजतात. वायरच्या टोकाला पाच पिनांचा गोल डिन प्लग असेल, तर तळाशी ‘एक्सटी-एटी’ असा बारीक सरक-स्विच आहे का, हे तपासावे. १९८७नंतर आयबीएमचा छोटा पीएस-२ प्लग आला. टर्मिनलसाठी बनवलेले कीबोर्ड, उदाहरणार्थ वाइज या कंपनीचे, यांपैकी कशाशीच बोलत नाहीत आणि त्यांना हौशी लोकांनी घडवलेला रूपांतरक लागतो.

वाइजचे कीबोर्ड याच कारणाने सर्वात जास्त मारले गेले. त्यांत चेरीचे काळे ‘एमएक्स’ असत आणि जुन्या काळ्यांची सरक नव्यांपेक्षा मऊ, अशी ख्याती पसरली. लोकांनी हे कीबोर्ड घेतले, डिसोल्डर करून स्विच काढले, नव्या कीबोर्डात लावले आणि कवच व सर्किट फेकून दिले. निळ्या आल्प्सचेही तेच झाले. आयबीएमचा बिल्ला असलेला ‘मॉडेल एफ’ कोणी असा सहसा फोडत नाही. बिननावाचा चिकोनी किंवा फोकस फोडताना हात थरथरत नाही. बिल्ल्याच्या भरवशावर किंमत लावण्याचा हा सर्वात वाईट परिणाम आहे. पैसे कमी मिळाल्याचे दुःख विक्रेत्यापुरते असते, पण फोडलेला नग सगळ्यांसाठीच संपतो.

‘मॉडेल एम’ लेक्सिंग्टनमध्ये नवा मिळतो, ‘मॉडेल एफ’ची नव्याने घडवलेली प्रतही अलीकडच्या वर्षांत विकत मिळू लागली. तैवानच्या त्या कारखान्यांनी दुसऱ्यांच्या नावाने बनवलेले कीबोर्ड पुन्हा कोणी घडवील, अशी शक्यता दिसत नाही. त्यामुळे असा एखादा नग हाती आला की साबणाच्या पाण्यात घालण्याआधी पाठीचे लेबल, आतल्या चिपवरचा तारीखकोड आणि एक उघडा स्विच यांचे फोटो घ्यावेत. चिपवर ८९२३ असे चार आकडे दिसले, तर तो १९८९च्या तेविसाव्या आठवड्याचा. कवचाच्या आतल्या बाजूला महिना-वर्ष दाखवणारी बाणाची गोल तबकडीही पुष्कळदा असते. चिप आधी आणि कवच नंतर, असे काही महिन्यांचे अंतर निघाले तर नग मूळचा आहे. चिपपेक्षा कवच वर्षानुवर्षे जुने निघाले, तर दोन वेगळ्या कीबोर्डांचे भाग एकत्र केलेले असण्याचा संभव मोठा, आणि भाव त्याप्रमाणे कमी करून मागावा.