खोली, ओटा आणि पाणी

जुन्नरच्या लेण्यांमधली भिक्षूची खोली आत शिरून पाहावी. ठेंगणं दार, माणूस जेमतेम आडवा होईल एवढा दगडी ओटा, आणि बाहेर कातळात खोदलेली पाण्याची पोढी. आषाढापासून आश्विनापर्यंत फिरस्ती थांबवून एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वी याहून जास्त काही लागत नव्हतं.

लागत होतं, पण ते खोलीत दिसत नाही. सात खोल्यांचं एक लेणं आणि पोढी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, दिल्याचं इथला एक शिलालेख सांगतो. दुसऱ्या लेखात बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचा उल्लेख आहे. त्यांच्या व्याजातून धर्मकार्याचा खर्च निघायचा. म्हणजे डोंगरातला एकांत खालच्या बाजारपेठेच्या कष्टावर उभा होता. लिहायला रानात जाणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मी लिहायला जातो ते आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला. घोडेगाव सोडलं की रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं आहुपे गावाकडे चढतो. पुढे कडा, कड्याखाली कोकण. गावाला देवराई आहे, मोबाइलला रेंज धड नाही, आणि बसायला एका घराची पडवी मिळते. सुरुवातीला मन शहरातच असतं; वही उघडी राहते आणि कागदावर उतरतं ते धुकं, वारा, पाखरं. व्यंकटेश माडगूळकर असेच नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झालं. त्यात प्रेरणेची वाट पाहत बसणं नाही; पाहणं आहे, तेही तासन्‌तास, चिकाटीनं.

उन्हाळ्यात इथं पाहायचं ते हिरड्याचं काम. कोवळी फळं झाडावरून पाडायची, वेचायची, उन्हात पसरायची. हेच बाळहिरडे. हिरवी फळं आधी तपकिरी होतात, मग सुरकुततात आणि शेवटी काळीभोर, टणक. अंगणात पसरलेल्या हिरड्याशेजारी मी वही घेऊन बसलो होतो. घरच्या आजी म्हणाल्या, “बसल्या बसल्या हात फिरवा, भाऊ. खालचं ओलं राहतं.” मग वही बाजूला ठेवली. पुरता वाळलेला हिरडा बोटांखाली खडखडतो, अर्धा ओला गप्प सरकतो. आजी न पाहता, नुसत्या आवाजावर ढीग वेगळे करत होत्या. डोळ्यांनी एवढं टिपूनही हा आवाज माझ्या वहीत आला नव्हता.

हात चालू असताना बोलणं निघतं. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानं जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची झाडं मोडली. शेतातलं पीक गेलं तर पुढच्या हंगामात पेरता येतं. जुनं झाड गेलं की वर्षानुवर्षांचं उत्पन्न जातं. भरपाईसाठी इथल्या आदिवासींना आंदोलनं करावी लागली. ज्या रानाला आपण निवांत म्हणतो, ते यांच्या रोजीरोटीचं ठिकाण आहे.

पुण्याला परतल्यावर धुक्यावर लिहिलेली पानं मी बहुतेक काढून टाकतो. हिरड्याची ठेवतो, आणि ती पुरी करायला पुन्हा वर जावं लागतं: यंदा भाव काय मिळाला, नवी झाडं धरली का, हे विचारायला.