नागीण

शिरूर घोड नदीच्या तीरावर वसले आहे आणि दौंड भीमेच्या तीरावर. या दोन्ही तालुक्यांत उसाची शेती पुष्कळ. उसाच्या फडातून एखादे वेळी साप निघाला, तर शेतकऱ्याला त्याचे फारसे नवल वाटत नाही. परंतु जिच्या नुसत्या नावाने घरातील वडीलधारी माणसे धास्तावतात, अशी एक नागीण शेतात राहत नाही. तिला फणा नाही आणि विषारी दातही नाहीत. नागीण हे एका रोगाचे नाव आहे.

या रोगात प्रथम छाती, पाठ, कंबर किंवा चेहरा यांच्या एकाच बाजूला आग होते व ठणका लागतो. दोनचार दिवसांनी तेथे लालसर चट्टा उठतो आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची रांग दिसू लागते. ही रांग सापासारखी वळत जाते, म्हणून लोकांनी तिला नागीण म्हटले. नावामागून भीतीही आली. नागिणीचे तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळाली की माणूस दगावतो, असा समज गावोगाव रूढ झाला. मग कोणी फोडांवर गेरूचा लेप देतो, तर कोणी मांत्रिकाकडे धाव घेतो.

या रोगाचे मूळ बालपणी आलेल्या कांजिण्यांत असते. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचे विषाणू शरीर सोडून जात नाहीत. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात. त्या गाठींत ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. वार्धक्यामुळे किंवा आजारामुळे शरीराची प्रतिकारशक्ती उणावली, की ते जागे होतात आणि मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतात. इंग्लंडमधील होप-सिम्प्सन नावाच्या एका डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची अनेक वर्षे नोंद ठेवली आणि 1965 साली हा विचार विस्ताराने मांडला.

तोंड आणि शेपटी मिळण्याचा समज का खोटा आहे, हेही यावरून कळते. कण्यापासून निघणारे मज्जातंतू जोडीजोडीने असतात. एक डाव्या अंगाला जातो, दुसरा उजव्या अंगाला. विषाणू बहुधा एकाच तंतूच्या वाटेने येतात. त्यामुळे फोडांची रांग शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. क्वचित ती दोन्ही बाजूंना उठली, तरी टोके मिळाल्यामुळे कोणी मरत नाही.

खरा धोका वेळ दवडण्यात आहे. विषाणूंची वाढ रोखणारी असायक्लोव्हिरसारखी औषधे आज मिळतात. हे औषध शोधणाऱ्या संशोधकांत गर्ट्रूड एलियन या विदुषी होत्या. 1988 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. फोड दिसू लागल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू केल्यास त्याचा गुण चांगला येतो. ते दिवस लेप आणि मंत्र यांत गेले, तर दुखणे लांबते. फोड सुकल्यावरही काही वृद्धांना महिनोन्‌महिने वेदना सोसाव्या लागतात. कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ फोड उठल्यास दृष्टीला अपाय होण्याची भीती असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

फोड स्वच्छ व कोरडे ठेवावेत, सैल सुती कपड्याने झाकावेत, फोडू नयेत. फोडांतील पाण्यामुळे कांजिण्या न आलेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांना रुग्णापासून दूर ठेवावे. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी या रोगाची लसही निघाली असून 2023 पासून ती भारतात मिळते.

आजोबांच्या पाठीवर फोडांची रांग दिसली, तर शाळेत जाणारा नातूही त्यांना धीर देऊन म्हणू शकतो, "आजोबा, ही नागीण काही वेढा घालायची नाही. पण आपण आजच दवाखान्यात जाऊ." एवढे वेळेवर सांगितले गेले, तर म्हाताऱ्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या यातना टळू शकतात.