वर्डीनंतर धावपट्टीकडे पाहताना

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ, सातपुड्यात, शिरपूरचे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षकाचा जीव गेला. जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीला आदिवासी गावकऱ्यांनी झोळीतून खाली आणले. विमान प्रशिक्षणातला अपघात म्हटला की खानदेशाला हाच आठवतो, आणि त्यात नवल नाही. पण मागे वळून पाहताना जाणवते ते हे, की डोंगराकडे लागलेली आपली नजर धावपट्टीकडे वळलीच नाही. धुळ्याला गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लब शिकवतो, शिरपूरची स्वतःची धावपट्टी आहे, आणि २०२१ मध्येच प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या देशातल्या पाच विमानतळांत जळगावही होते. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तास उड्डाण लागते. त्यात विद्यार्थी शेकडो वेळा उतरतो, आणि जगभर लहान विमानांचे सर्वाधिक अपघात उतरतानाच होतात. त्यांत माणसे क्वचित दगावतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

उतरतानाचा अपघात घडतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. वेग थोडा जास्त राहिला की विमान टेकूनही उसळते. घाबरलेला हात दांडा पुढे ढकलतो, मग नाकाखालचे चाक आधी आपटते. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला ते मोडते आणि पंखा जमिनीला लागतो. उपाय साधा आहे : इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे, ज्याला वैमानिक ‘गो-अराउंड’ म्हणतात. मात्र तो निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. त्यातून खानदेशचा उन्हाळा. ४४ अंशांत हवा विरळ होते, जमिनीवरचा वेग वाढतो, तापलेल्या रानावरून उठणारी हवा विमानाला टेकू देत नाही.

यावर कुणी म्हणेल, उसळ्या खाल्ल्याशिवाय उतरणे येत नाही. प्रत्येक चुकीचा गाजावाजा केला तर मुले बुजतील. पहिले म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दुसरे पटत नाही. चूक शिक्षणाचाच भाग असेल, तर तिची नोंद हा धडा ठरतो, शिक्षा नव्हे. अपघात चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतो : हेतू प्रतिबंधाचा, दोष देण्याचा नाही. बारामती परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमाने कोसळली, तेव्हा कुठे तिचे प्रशिक्षण थांबवले गेले. जळगाव-धुळ्याच्या पालकांनी प्रवेश घेताना शुल्काबरोबर हेही विचारावे : गेल्या वर्षी किती विमाने उतरताना आपटली, आणि त्यानंतर शिकवण्यात काय बदलले?