मोबाईलवरची हाक दिल्लीपर्यंत कशी पोचते? बैलगाडी शर्यतीची बंदी उठली, त्याची गोष्ट

सातारा/सांगली : आज कुठल्या गावचं मैदान आहे, हे खटाव-माणपासून आटपाडी-जतपर्यंत सकाळीच मोबाईलवर कळतं. गट, सेमी, फायनल घरबसल्या यूट्यूबवर लाईव्ह दिसतात. पण साडेसात वर्षं हीच शर्यत कायद्याने बंद होती. ती परत सुरू होण्यात मोबाईलचा वाटा किती आणि कोर्टाचा किती, हे समजून घेण्यासारखं आहे.

बंदी कशी आली?

खेळ-तमाशात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केंद्र सरकारने २०११ साली बैल घातला. पुढे ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू, म्हणजे वशिंड धरून बैल आवरायचा खेळ, आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती, दोन्ही बंद केलं.

ठिणगी पडली चेन्नईत

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कॉलेजची पोरं-पोरी जमली. कुठल्या पक्षाने बोलावलं नव्हतं. व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर निरोप फिरले आणि बघता बघता किनारा भरला. २१ जानेवारीला वटहुकूम निघाला आणि २३ तारखेला विधानसभेत विधेयक मंजूर झालं.

मग यात दिल्ली कुठे आली?

प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा केंद्राचा आहे. राज्याला त्यात आपल्यापुरता बदल करायचा असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते आणि राष्ट्रपती केंद्र सरकारच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे गर्दी चेन्नईत जमली, तरी 'हो' म्हणायचं होतं दिल्लीने. इंटरनेटवरच्या चळवळीचा जोर लागतो तो इथे. एका राज्यातला प्रश्न देशभर दिसायला लागला की केंद्राला गप्प बसता येत नाही.

तमिळनाडूची वाट बघून महाराष्ट्रानेही एप्रिल २०१७ मध्ये तसंच विधेयक मंजूर केलं. जुलैत राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने शर्यती रोखल्या आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

झरेचं मैदान

ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे इथं आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी असतानाही शर्यत जाहीर केली. पोलीस बंदोबस्त लागला, तरी पहाटेच जागा बदलून बैल पळाले. त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले आणि विषय पुन्हा तापला.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली. पण ती गर्दी बघून नव्हे. तमिळनाडू आणि कर्नाटकात तसेच कायदे चालू आहेत, मग महाराष्ट्राला वेगळा न्याय का, हा मुद्दा कोर्टाला पटला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

सांगायचं हे, की मोबाईलने माणसं गोळा केली आणि सरकारला हलवलं. पण शिक्का बसला विधानसभा, राष्ट्रपती आणि कोर्ट, या तिन्ही पायऱ्या चढल्यावरच. नुसत्या फॉरवर्डने कायदा होत नाही.

आता मोबाईल उलटूही शकतो

कोर्टाने कायदे टिकवले, त्याचं कारण नियमांमुळे जनावराचा त्रास कमी होतो, हे. म्हणून नियम काटेकोर पाळा, असंही कोर्टाने बजावलं. मैदानाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी व्हायला हवी. काठी, चाबूक, शॉक यांना मनाई आहे. बैलाला इजा केली, तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्राणीप्रेमी संघटनांच्या हातातही मोबाईलच आहे. शेपूट पिरगाळलेला, टोचणी मारलेला एक व्हिडिओ बाहेर गेला, तर पहिल्यांदा गुन्हा आयोजक आणि गाडीमालकावर दाखल होतो. असे दहा व्हिडिओ जमले, तर तेच पुरावे घेऊन कुणीही पुन्हा कोर्टाची पायरी चढू शकतं. मैदान टिकवायचं असेल, तर कॅमेरा चालू आहे हे धरूनच बैल जुंपावेत.