केळीचा मुनवा लावताना



कोकणात न्हाणीच्या मागे केळ नाही असे घर विरळाच. शेजाऱ्याकडून मुनवा आणायचा आणि खड्डा मारून पुरायचा, यात शिकायचे काय, असे आपण म्हणतो. पण मुनवा मातीशिवाय, उघड्या गड्ड्याने घरी येतो. गड्ड्यात कीड-रोग असला तर तोही बरोबर येतो. म्हणून खड्ड्यात उतरण्याआधीच त्याची पारख करायला हवी.

एका घरी काकूंनी रुंद पानांचे चार टवटवीत मुनवे लावले होते. वर्षभर पाणी घातले, पण लोंगर आले अगदी किरकोळ. "पानं बघून घेतले हो!" काकू म्हणाल्या. चूक तिथेच झाली. पान नव्हे, गड्डा बघावा.

निवड : तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता, दोन-तीन महिन्यांचा मुनवा घ्यावा. गड्डा अर्धा ते पाऊण किलो वजनाचा असावा. रुंद पानांच्या मुनव्याचा गड्डा लहान असतो. तो दिसतो छान, पण त्याच्यात जोर नसतो.

आईचे झाडही तपासावे. पाने आखूड, उभी आणि शेंड्याशी गुच्छासारखी झाली असतील, तर तो पर्णगुच्छ रोग समजावा. यावर औषध नाही. असा मुनवा फुकट मिळाला तरी आणू नये. मावा कीड हा रोग साऱ्या बागेत पसरवते.

साफसफाई : मुळ्या छाटाव्यात. गड्डा कोयत्याने वरवर तासून पांढरा करावा. आत काळी भोके किंवा बोगदे दिसले, तर सोंड्या भुंग्याची अळी शिरली आहे असे समजून तो मुनवा टाकून द्यावा. तासलेला भाग बागेत पडू देऊ नये, जाळावा. खोड वीतभर ठेवून वरचे कापावे. गड्डा शेणकाल्यात राख कालवून त्यात बुडवावा आणि तीन-चार दिवस सुकू द्यावा.

लागवड : जूनचे पहिले पाऊस पडून जमीन ओली झाली की लावावे. जुलैच्या मुसळधार पावसात लावू नये. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा. त्यात माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत भरावे. दोन झाडांत सहा-सात फूट अंतर ठेवावे.

गड्डा पूर्ण मातीखाली, वर चार बोटे माती, एवढीच खोली ठेवावी. उथळ लावला तर लोंगराच्या भाराने आणि वाऱ्याने झाड उलथते. फार खोल लावला तर आपल्या पावसात गड्डा कुजतो. भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी, पोकळी राहू देऊ नये.

जांभ्या कातळावर थोड्याच मातीखाली खडक लागतो आणि खड्ड्यात पाणी साचते. तिथे मातीचा उंचवटा करून लावावे आणि बाजूने चर काढावा. न्हाणीचे पाणी उन्हाळ्यात केळीला सोन्यासारखे. पावसाळ्यात मात्र ते दुसरीकडे वळवावे.

यंदा शेजाऱ्याने मुनवा देऊ केला, तर आनंदाने घ्या. पण आधी कोयता लावून गड्डा बघा. पाच मिनिटांचे काम, पण वर्षाचे नुकसान टळते.