ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे

आज आपण ऑर्किडविषयी बोलणार आहोत. गोव्याहून येताना किंवा एखाद्या नर्सरीतून आपण हौसेने फुललेलं रोप आणतो. फुलं महिना-दोन महिने टिकतात, मग गळतात, आणि पावसाळा संपेपर्यंत रोपही कुजून जातं. "माती घातलंय, शेणखत घातलंय, रोज पाणी घातलंय, तरी झाड मेलां," ही तक्रार आम्ही बऱ्याच घरांत ऐकतो. खरं तर बहुतेक वेळा ते रोप या तीन गोष्टींनीच मरतं.

असं का होतं, ते आपल्या परड्यातलं झाड सांगेल. जुन्या आंब्याच्या, फणसाच्या फांद्यांवर रानातली ऑर्किडं आपोआप उगवतात. मराठीत त्यांना आमरी म्हणतात. मे-जूनमध्ये पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब घोस खाली लोंबतो, ती सीतेची वेणी तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. हेच फूल आसामात कपौ फूल म्हणून ओळखलं जातं. तिथल्या मुली बिहूच्या नाचात ते केसांत माळतात, आणि ते आसामचं राज्यफूल आहे. आपल्याकडे मात्र बागेची साफसफाई निघाली की कोयतीच्या एका फटक्यात ते खाली येतं, कारण आपण त्याला बांडगूळ समजतो.

बांडगूळ आंब्याचा शत्रू आहे, यात शंका नाही. त्याचं बी चिकट असतं. फुलटोचा पक्षी फळ खातो आणि ते बी दुसऱ्या फांदीवर चिकटतं. तिथे ते सालीच्या आत घुसून झाडाचं पाणी आणि क्षार ओढून घेतं. जोडावर गाठ येते आणि पुढची फांदी वाळत जाते. ते काढलंच पाहिजे, आणि गाठीच्या खालून फांदीसकट काढलं पाहिजे.

ऑर्किड यातलं काहीच करत नाही. झाडाची साल त्याला फक्त बसायला जागा देते. पावसाचं पाणी, दव, हवा आणि सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा एवढ्यावर ते जगतं. ओळखायचं कसं? बांडगुळाला लाकडासारख्या फांद्या असतात, नळीसारखी शेंदरी फुलं येतात आणि जोडावर गाठ दिसते. ऑर्किडची मुळं पांढुरकी, पेन्सिलीच्या शिसाएवढी किंवा त्याहून जाड असतात. ती सालीवरून पसरतात, काही तर हवेतच लोंबतात. एखादं मूळ हळूच सुटं केलं तर खालची साल शाबूत असते. गड्याला फांदीवर चढवण्याआधी एवढं दाखवून दिलं, तरी पुष्कळ झाडं वाचतील.

ती वाचवायची कशासाठी, तेही ऐका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. नारळात किंवा वालाच्या दाण्यात कोंबासाठी अन्न साठवलेलं असतं, तसं या बियात काहीच नसतं. योग्य जातीची बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि रुजल्यावर पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. म्हणजे आपण एका फटक्यात उडवतो तो झुबका कितीतरी पावसाळे काढलेला असतो.

आता कुंडीकडे वळू. फांदीवरच्या मुळाला पाऊस चिंब भिजवतो आणि लगेच वारा सुकवतो. त्या मुळावर स्पंजासारखा पांढरा पापुद्रा असतो. तो पाणी झटकन शोषतो, आणि भिजला की हिरवा दिसतो. असं मूळ मातीत दाबलं की त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. म्हणून झाडावर राहणाऱ्या ऑर्किडच्या कुंडीत माती घालायची नाही. फुटक्या कौलांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे घ्या. हे सगळं आपल्या घरात फुकट मिळतं. सोडण दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, म्हणजे त्यातला क्षार आणि लाल रंग निघून जाईल. कुंडीला बाजूनेही भोकं हवीत. शिंकाळ्यात टांगलेली लाकडी फळ्यांची टोपली असेल तर उत्तमच.

पाणी कधी घालायचं, हे मुळंच सांगतात. मूळ पांढरं-चंदेरी दिसलं की तहान आहे, हिरवं दिसलं की थांबा. एप्रिल-मेमध्ये टांगलेल्या रोपाला रोज सकाळी पाणी लागेल. थंडीत दोन-तीन दिवसांआड पुरतं. पाणी सकाळीच घाला, म्हणजे रात्रीपर्यंत पानांचे खोबरे सुकतात. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी ऑर्किडला सोसत नाही, मुळांची टोकं काळी पडतात. पागोळ्यांचं पाणी पिंपात झाकून साठवलं तर थोड्या रोपांना बरेच दिवस पुरतं. समुद्राकडच्या अंगणात खारा वारा पानांवर बसतो. तिथे आठवड्यातून एकदा पानं गोड्या पाण्याने धुवा.

पावसाळ्यात उलट काळजी घ्यायची. सततच्या धारेखाली रोप ठेवू नका. पडवीत किंवा वळचणीला, पागोळ्या अंगावर पडणार नाहीत पण वारा लागेल अशा जागी टांगा. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या. काळा, ओला डाग दिसला तर ब्लेड पेटत्या काडीवर धरून मग तेवढा भाग कापा आणि कापल्या जागी दालचिनीची पूड लावा. पूड मुळांना लागू देऊ नका, ती मुळं सुकवते. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसून काढा. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायीही वेचा, कोवळी मुळं त्यांना फार आवडतात. मोहराच्या फवारणीच्या दिवसांत मात्र टोपली घरात आणा.

ऊन किती हवं, हे पानाच्या रंगावरून कळतं. गर्द हिरवं पान म्हणजे उजेड कमी पडतोय आणि फूल येणार नाही. पोपटी हिरवं पान म्हणजे बेताचा उजेड. तपकिरी करपलेला डाग म्हणजे ऊन जास्त झालं. पूर्वेचं सकाळचं ऊन सगळ्यांत चांगलं.

खताचा हात आखडता ठेवा. शेणखत नको, त्याने कुंडी गच्च होते. विरघळणारं खत आणलंत तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव हिश्श्याने, नवी मुळं-पानं फुटत असतील तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा द्या. मधल्या दिवसांत साधं पाणी भरपूर ओता, म्हणजे साठलेला क्षार निघून जाईल.

पहिल्यांदाच विकत घेणार असाल तर डेन्ड्रोबियम घ्या. त्याला आपली उष्ण, दमट हवा मानवते. त्याच्या जुन्या कांड्यांची पानं गळली तरी त्या कापू नका, रोपाची शिदोरी त्यांत असते. कांडीवर पिल्लू आलं आणि त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की ते काढून मैत्रिणीला देता येतं. वांडाला जवळजवळ काहीच घालावं लागत नाही, पण रोज पाणी लागतं. पतंगासारख्या फुलांचं, रुंद पानांचं फॅलेनॉप्सिस दुकानात सगळ्यांत देखणं दिसतं, पण पुन्हा फुलायला त्याला काही आठवडे गार रात्री हव्या असतात. डिसेंबर-जानेवारीत ते उघड्या खिडकीशी ठेवा आणि वाट बघा.

शेवटी एक काम सांगतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आपल्याकडची कितीतरी आंब्याची झाडं पडली. वादळं यापुढेही येतील. आपल्या परड्यातलं झाड किंवा फांदी पडली, तर लाकूड फोडण्याआधी तिच्यावर ऑर्किड आहे का बघा. असेल तर सालीच्या तुकड्यासकट काढा आणि उभ्या आंब्याला किंवा फणसाला, सकाळचं ऊन लागेल अशा बाजूला, काथ्याने किंवा जुन्या सुती साडीच्या पट्टीने बांधा. तार वापरू नका. पेरूवर बांधू नका, त्याची साल सुटून पडते. जूनच्या सुरुवातीला बांधलेलं रोप पाऊस सरेपर्यंत नव्या मुळांनी साल पकडतं. तोवर पट्टी कुजली तरी चालतं.

रानातल्या उभ्या झाडांवरची ऑर्किडं मात्र ओरबाडून आणू नका, आणि कोणी तशी विकायला आणली तर घेऊ नका. भारतात ऑर्किडच्या १,२५६ जातींची नोंद झाली आहे, आणि त्यातल्या कित्येक जाती अशा ओरबाडण्यामुळेच कमी होत चालल्या आहेत. घरासाठी नर्सरीत वाढवलेलं रोप आणा. आणि पुढच्या वेळी बाग साफ करायला गडी येईल, तेव्हा दहा मिनिटं त्याच्यासोबत झाडाखाली उभ्या राहा. कुठली फांदी कापायची आणि कुठला झुबका ठेवायचा, ते तुम्हीच दाखवा.