ऐकणाऱ्याचा वार

पॉडकास्ट सुरू करायचा म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की पहिला प्रश्न बहुतेक वेळा माइकचा असतो. कुठला घ्यावा, कितीपर्यंतचा घ्यावा. त्याचं उत्तर मी लगेच देते, कारण ते सोपं आहे: खोलीला जाड पडदे लावा, पंखा बंद करा, साधा डायनॅमिक माइक घ्या आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. मग मी विचारते, तुमचा वार कोणता? यावर बरेच जण गप्प होतात. "भाग तयार झाला की टाकू," असं म्हणतात. पॉडकास्ट वाढणार की विझणार, हे माझ्या मते या एका उत्तरावर बरंचसं ठरतं.

मी पुण्यात इतरांच्या पॉडकास्टचं संकलन करते. त्याआधी आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर होते. तिथे क्यू शीटवर प्रत्येक कार्यक्रमाची वेळ लिहिलेली असे आणि ठरल्या क्षणी आवाज गेला नाही, तर त्या शांततेला डेड एअर म्हणत. तिचा धाक सगळ्यांना होता, कारण त्या क्षणी कुणीतरी रेडिओजवळ बसलेलं आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पॉडकास्ट करणाऱ्याला असा धाक नसतो. भाग शुक्रवारी आला काय नि सोमवारी आला काय, कुणाचा फोन येत नाही. ऐकणारा तक्रार करत बसत नाही, तो दुसरं काहीतरी ऐकायला लागतो.

यामागचं तंत्र कळलं की वाराचं महत्त्व पटतं. पॉडकास्टचा कणा म्हणजे आरएसएस फीड. ही मजकुराची एक साधी फाइल असते: भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि ध्वनिफितीचा इंटरनेटवरचा पत्ता. डेव्ह वायनर यांनी २००० च्या सुमारास फीडला ध्वनिफीत जोडायची सोय केली, अ‍ॅडम करी यांनी २००४ मध्ये ती फाइल आपोआप आयपॉडवर उतरवून घेण्याची युक्ती लोकांपर्यंत नेली आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. रीत अजून तीच आहे. ऐकणारा एकदा 'फॉलो' करतो. पुढे त्याचं अ‍ॅप अधूनमधून फीड तपासतं आणि नवा भाग त्याच्यासमोर आणून ठेवतं. त्याला आपल्याला शोधत यावं लागत नाही. पण भाग समोर दिसला म्हणून तो ऐकला जातो असं नाही. ऐकायला अर्धा तास, तास लागतो आणि तो आठवड्यात कुठेतरी आधीच राखलेला असावा लागतो: शनिवारची साफसफाई, डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतची लोकल, रात्री जेवणानंतरची शतपावली. या गोष्टींना ठरलेली वेळ असते. आपला भागही नेमानं आला, तर तो त्यांतल्या एखादीला चिकटतो.

मराठी श्रोत्याला हे नवं नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत आणि दर आठवड्याला एक नवं गीत. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ते पहिल्यांदा लागे, शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी पुन्हा. त्या वर्षी अधिक महिना आला, त्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, अशी आठवण सांगतात. वार चुकवण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसावा.

गीतांच्या थोरवीबद्दल मी काय बोलावं! पण संकलक म्हणून मी त्या आखणीकडे पुन्हा पुन्हा बघते. वार ठरलेला होता. ज्याचा शुक्रवार हुकला त्याला आणखी दोन सकाळी मिळत. वर्षभर चालणार हे आधीच ठरलेलं असल्यानं ऐकणारा एका प्रवासाला सोबत निघाला होता. आणि लोकांची ओढ पाहून वर्तमानपत्रं दर आठवड्याला नव्या गीताचा मजकूर छापू लागली, त्यामुळे ऐकलेलं वाचता आलं आणि न ऐकलेल्यालाही ओढ लागली. पुनःप्रसारण, भागाचा लेखी मजकूर, ठरलेल्या लांबीचा हंगाम: आजच्या पॉडकास्टवाल्याला जे शिकवायला मला पुष्कळ वेळ लागतो, ते सगळं तिथे आहे.

आठवड्याला एक भाग झेपत नसेल, तर पंधरवड्याला एक करा. न चुकणारा पंधरवडा हा अडखळत्या आठवड्यापेक्षा कितीतरी चांगला. आणि वार पाळायचा तर हाताशी साठा हवा. किमान चार भाग संकलित होऊन पडल्याशिवाय मी कुणाला पहिला भाग लावू देत नाही. घरात आजारपण येतं, पाहुणा ऐन वेळी नाही म्हणतो, घसा बसतो. पुण्यात तर गणपतीच्या दहा दिवसांत खिडकी कितीही घट्ट लावली तरी ढोल-ताशा माइकमध्ये येतोच, म्हणून ते भाग श्रावणातच ध्वनिमुद्रित करायला लागतात. सुरुवातीला एक-दीड मिनिटाचा ट्रेलर आणि दोन-तीन भाग एकदम द्यावेत. एक भाग आवडलेल्या माणसाला लगेच दुसरा लागतो. दुसरा नसेल, तर तो माणूस पुढच्या आठवड्यापर्यंत आपल्याला विसरतो. ध्वनिफिती आणि फीड जिथे ठेवतो त्या होस्टिंग सेवेत तारीख-वेळ आधी लावून ठेवता येते. मी पहाटे पाचची लावते, म्हणजे कामाला निघणाऱ्याच्या फोनवर भाग वेळेत पोचलेला असतो.

वार कोणता, याचं उत्तर मात्र विषय देतो. तासगावकडचे एक निवृत्त कृषी अधिकारी द्राक्ष बागायतदारांसाठी पॉडकास्ट करतात. त्यांच्या श्रोत्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते छाटणीला सुरू होतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तिथून पुढे प्रत्येक जण दिवस मोजतो: बाग छाटणीनंतर कितव्या दिवसाला आहे, फुलोरा कधी, विरळणी कधी. साहेबांनी रविवारची संध्याकाळ धरली, कारण त्या रात्री सोमवारची मजुरांची जुळवाजुळव आणि फवारणी ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला भाग, खरड छाटणीनंतर पंधरवड्याला एक. कुठल्याही मार्गदर्शकात हे वेळापत्रक सापडणार नाही, पण त्या श्रोत्यासाठी याहून योग्य दुसरं नाही.

त्यांच्या भागांची नावं पूर्वी 'भाग सातवा: द्राक्ष बाग व्यवस्थापन' अशी असत. आम्ही ती बदलली. 'छाटणीनंतर पाऊस झाला तर डाऊनी कसा रोखायचा', 'थंडी वाढली, भुरी दिसली, आता काय करायचं'. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग. फोनच्या पडद्यावर नावाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून अडचणीचा शब्द आधी यायला हवा. क्रमांकासाठी फीडमध्ये वेगळा रकाना असतो, तो नावात घालून जागा अडवू नये. वर्णनात भागात आलेली रोगांची, औषधांची, जातींची नावं देवनागरीत आणि रोमन लिपीत अशी दोन्हीकडे लिहावीत, कारण आपल्याकडे कितीतरी लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करूनच शोधतात.

आणि इथे जुन्या भागांची किंमत कळली. पुढच्या ऑक्टोबरात आदल्या वर्षीचा डाऊनीचा भाग लोक शोधून ऐकू लागले. अडचण दरवर्षी येते, मग उत्तरही दरवर्षी लागतं. तेव्हापासून छाटणीआधी आम्ही जुने भाग बसून ऐकतो. निर्यातीच्या बागेत कोणती औषधं चालतात याच्या याद्या बदलत राहतात, त्यामुळे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ताज्या शिफारशींशी साहेब प्रत्येक वाक्य ताडून पाहतात, चुकीचं ठरलेलं काढतात आणि सुरुवातीला नवं निवेदन जोडतात. ध्वनिफीत बदलताना एक काळजी घ्यायची: फीडमध्ये प्रत्येक भागाला एक कायमची ओळखखूण असते, जीयूआयडी. ती बदलली तर अ‍ॅपला तो नवाच भाग वाटतो आणि श्रोत्याकडे एकच भाग दोनदा जाऊन पडतो.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात: अ‍ॅपल उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवायला सांगतं. सगळे भाग त्याच पातळीवर ठेवावेत, म्हणजे स्वयंपाक करताना कुणाला ओल्या हातानं आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. भाग लागतील तितक्या अ‍ॅपवर द्यावेत, यूट्यूबवरही. मराठी श्रोत्यांचा मोठा वर्ग तिथेच असतो आणि तिथे प्लेलिस्टला पॉडकास्ट म्हणून नोंदवता येतं. पण फीड आपल्या ताब्यात असावा. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे अ‍ॅप बंद झालं. ज्यांचा फीड स्वतःचा होता ते दुसऱ्या अ‍ॅपवर तसेच चालू राहिले.

आता आकड्यांविषयी, कारण त्यांनी फार माणसं खचतात. डाउनलोड म्हणजे श्रोता नव्हे. आयएबी या संस्थेच्या निकषांप्रमाणे निदान एक मिनिटाचा ध्वनी फोनवर उतरला की एक डाउनलोड धरतात. तो ऐकला का, ते त्यातून कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची आयओएस १७ ही प्रणाली आली आणि न ऐकलेले भाग साठत गेले की अ‍ॅपलचं अ‍ॅप आपोआप उतरवणं थांबवू लागलं. अनेक जुन्या पॉडकास्टचे आकडे त्यानंतर खाली आले, ऐकणारे मात्र तेवढेच होते. म्हणून मी दोनच गोष्टी बघायला सांगते. प्रत्येक भागाचे पहिल्या सात दिवसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवा. आणि अ‍ॅपल व स्पॉटिफाय दाखवतात तो आलेख पाहा, लोक नेमके कुठे सोडून जातात तो. मला तो उतार पुष्कळदा सुरुवातीच्या दोन मिनिटांत दिसतो: लांबलचक स्वागत, शीर्षक संगीत, पाहुण्यांचा बायोडेटा. ते कापा. ज्यासाठी माणूस आला आहे तो प्रश्न पहिल्या अर्ध्या मिनिटात कानावर पडू द्या.

वार न पाळणारे मोठे झाले नाहीत का? झाले. अमेरिकेतल्या डॅन कार्लिन यांच्या 'हार्डकोअर हिस्टरी'चे भाग महिनोन्‌महिन्यांच्या अंतरानं येतात आणि लोक वाट पाहतात, कारण एकेक भाग कित्येक तासांचा, ग्रंथाच्या तोडीचा असतो. आपल्या मुंबईच्या अमित वर्मांनी २०१७ च्या जानेवारीत 'द सीन अँड द अनसीन' सुरू केला, तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असत. पुढे ते कित्येक तासांचे झाले. पण लांबी वाढत असतानाही त्यांनी आठवड्याचा रिवाज वर्षानुवर्षं सांभाळला. नवख्यानं त्यांचाच मार्ग धरावा, असं मला मनापासून वाटतं. कार्लिन यांच्यासारखी वाट बघायला लावण्याचा हक्क आधी कमवावा लागतो.

थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण सांगून. 'सीरियल' या अमेरिकन पॉडकास्टचा पहिला हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४ मध्ये १२ भागांत संपला. दर गुरुवारी लोक त्याची वाट पाहत आणि हंगाम संपल्यावरही त्यांनी फीड सोडला नाही. दोन मिनिटांचा छोटा भाग लावून परत यायची तारीख सांगितली, तरी पुरतं. 'सीरियल'कडून आणखी एक शिकावं: त्याचा पहिला भाग 'धिस अमेरिकन लाइफ' या आधीच लोकप्रिय असलेल्या रेडिओ कार्यक्रमातही वाजला होता. ज्याला ऐकायची सवय आहे, त्याच्या कानापर्यंत तो थेट गेला. आपल्याकडे दोन मराठी पॉडकास्टवाल्यांनी एकमेकांकडे पाहुणे म्हणून जाणं हा त्याचाच लहान अवतार आहे, आणि जाहिरातीवर पैसे टाकण्यापेक्षा मी तोच सुचवते.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. बहुतेक जण भाग आला की ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर दुवा टाकतात आणि तो 'सुप्रभात'च्या चित्रांखाली गाडला जातो. तासगावच्या साहेबांनी वेगळं केलं. ते श्रोत्यांकडून प्रश्न व्हॉइस मेसेजनं मागवतात, विचारणाऱ्याची परवानगी घेतात आणि पुढच्या रविवारी भागाची सुरुवात त्याच्याच आवाजानं करतात: गाव, बागेचं वय, छाटणीनंतरचा दिवस आणि अडचण. रविवारी संध्याकाळी भाग आला, की तो बागायतदार भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि औषधाच्या दुकानदाराला तो स्वतःच पाठवतो, आणि पुढच्या आठवड्याचे प्रश्न त्याच गावातून यायला लागतात.